आभासी वास्तव : स्वस्त हेडसेटचा खरा हिशेब

महाराष्ट्रात सेलू नावाची दोन तालुक्याची गावे आहेत. एक परभणी जिल्ह्यात आणि दुसरे वर्धा जिल्ह्यात. येथे अभिप्रेत आहे ते दुसरे : नागपूर-वर्धा मार्गावरचे, ‘सेलू रोड’ नावाचे रेल्वेस्थानक असलेले, बोर व्याघ्रप्रकल्पाच्या शेजारचे सेलू. आभासी वास्तवाच्या, म्हणजेच ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’च्या हेडसेटविषयी लिहिताना या गावापासून सुरुवात करण्याचे कारण साधे आहे. एखादी वस्तू खरोखर स्वस्त झाली की नाही, हे मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये कळत नाही. ते कळते तालुक्याच्या बाजारपेठेत. रंगीत दूरचित्रवाणी संच, मोबाइल फोन आणि इंटरनेटचा डेटा या तिन्ही गोष्टी त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. आभासी वास्तवाचे हेडसेट ‘आता सर्वसामान्यांच्या आवाक्यात’ आल्याच्या बातम्या मात्र २०१४ पासून दर दोन-तीन वर्षांनी येत आहेत, आणि तरीही सेलूसारख्या गावात ही वस्तू घराघरांत दिसत नाही. ९९ रुपयांपासून पाऊण लाखापर्यंत सर्व किमतींचे हेडसेट बाजारात येऊन गेले असताना असे का व्हावे?

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते पाहू. माणसाचे दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित वेगळ्या कोनांतून पाहतात आणि मेंदू त्या दोन प्रतिमा जुळवून खोलीचे भान निर्माण करतो. प्रौढ व्यक्तीच्या दोन बुबुळांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास अंतर असते. हेडसेटमध्ये डोळ्यांसमोर काही सेंटिमीटरवर पडदा असतो, त्यावर दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी चित्रे उमटतात आणि मधली भिंगे तो जवळचा पडदा दूर असल्याचा भास निर्माण करतात. एवढ्याने त्रिमिती मिळते, पण आभासी वास्तव मिळत नाही. त्यासाठी मान वळवली की दृश्यही त्याच वेगाने वळावे लागते. डोके किती आणि कोणत्या दिशेने फिरले, हे जायरोस्कोप नावाचा संवेदक सांगतो आणि त्यानुसार संगणक नवे चित्र काढतो. मान वळणे आणि चित्र वळणे यांत साधारण वीस सहस्रांश सेकंदांपेक्षा अधिक विलंब झाला, तर डोळे एक सांगतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच. मग मळमळ सुरू होते. बोटीत किंवा घाटातल्या एसटीत काही जणांना जे होते, तेच हे, फक्त उलट्या बाजूने : तिथे शरीर हलते आणि नजर स्थिर असते, येथे नजर हलते आणि शरीर स्थिर.

साध्या हेडसेटला फक्त मानेचे वळणे कळते. वरच्या दर्जाच्या हेडसेटला माणूस पुढे सरकला, वाकला, बसला हेही कळते, कारण त्यावरचे कॅमेरे खोलीचा अंदाज घेत राहतात. किमतीतील सर्वांत मोठा फरक या एका गोष्टीमुळे पडतो आणि अनुभवातलाही. जाहिरातींत मात्र दोन्हींना एकच नाव असते.

डोळ्यांपुढे दोन चित्रे धरून त्रिमिती दाखवण्याची ही हौस दीडशे वर्षांहून जुनी आहे. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये स्टीरिओस्कोपचे तत्त्व मांडले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात डेव्हिड ब्रूस्टर यांचे भिंगाचे उपकरण राणी व्हिक्टोरियाच्या पसंतीस उतरले आणि त्याची लाट आली. पुढे ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकी डॉक्टर-लेखकाने हातात धरायचे अतिशय स्वस्त स्टीरिओस्कोप तयार केले आणि त्याचे पेटंट मुद्दामच घेतले नाही. कोणीही ते बनवावे, असा त्यांचा हेतू होता. पण कारखानदारांचा खरा नफा उपकरणात नव्हताच, तो चित्रांच्या संचांत होता. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकी कंपनीने जेम्स रिकाल्टन यांनी टिपलेल्या दृश्यांचा भारतदर्शनाचा संच विकला. त्याच्या सोबतीचे पुस्तक १९०७ चे आहे. १९३९ मध्ये अवतरलेल्या व्ह्यू-मास्टरचीही तीच कथा. यंत्र एकदाच घ्यायचे, चकत्या पुन्हा पुन्हा. आपल्याकडील अनेक मध्यमवर्गीय घरांत व्ह्यू-मास्टर होता, तो आठवणारे वाचक हे लगेच ओळखतील. उपकरण स्वस्त आणि चित्रे विकत, हा व्यवहार आजच्या हेडसेटनेही जसाच्या तसा उचलला आहे.

पुठ्ठ्याचा चमत्कार

आधुनिक कथा अमेरिकेत सुरू होते. ऑक्युलस या नव्या कंपनीने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर जमवले आणि मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जून २०१४ मध्ये, गुगलने आपल्या वार्षिक परिषदेत उपस्थितांना घडी घातलेला एक पुठ्ठा वाटला. पुठ्ठा उभा करायचा, त्यात दोन भिंगे आणि पुढे आपलाच फोन. ‘कार्डबोर्ड’ नावाच्या या साधनाचा आराखडा गुगलने होम्सप्रमाणेच सर्वांना खुला केला. दोन अब्ज डॉलरचा सौदा आणि खोक्याचा पुठ्ठा, दोन्ही एकाच वर्षातले.

भारतीय बाजाराने पुठ्ठाच उचलला. जुलै २०१५ मध्ये वनप्लसने आपल्या नव्या फोनचे अनावरण आभासी वास्तवातून पाहता यावे म्हणून पुठ्ठ्याचा हेडसेट काढला. भारतात तो ९९ रुपयांत मिळाला. जानेवारी २०१६ मध्ये लेनोवोने ‘व्हाइब के ४ नोट’ हा फोन ११,९९९ रुपयांना आणि हेडसेटसह १२,४९९ रुपयांना आणला, म्हणजे हेडसेट जवळपास पाचशे रुपयांना पडत होता. सॅमसंगचा गिअर व्हीआर आठ हजारांच्या घरात होता, पण तो सॅमसंगच्याच महागड्या फोनवर चालत असे. डिसेंबर २०१६ मध्ये शाओमीने कापडी वेष्टणाचा हेडसेट ९९९ रुपयांना काढला. त्याखेरीज ऑनलाइन दुकानांत तीनशे ते दीड हजार रुपयांची, नावेही लक्षात न राहणारी कितीतरी प्लॅस्टिकची खोकी होती. तेवढ्यात एचटीसीचा ‘व्हाइव्ह’ भारतात ९२,९९० रुपयांना दाखल झाला. त्याला जोडण्यासाठी दणकट संगणक वेगळा लागे. पाचशे रुपये आणि पाऊण लाखाहून अधिक, यांच्यामध्ये भारतीय ग्राहकासाठी धड काहीच नव्हते.

स्वस्त खोकी विकली गेली, यात शंका नाही. जगभरात कार्डबोर्ड आणि त्या जातीचे हेडसेट २०१९ पर्यंत दीड कोटींहून अधिक गेले, असे गुगलनेच सांगितले. पण ते वापरले किती गेले? ग्राहकाला पहिला धक्का बसे तो जायरोस्कोपचा. खोके पाचशेचे, पण त्यात घालायच्या फोनमध्ये हा संवेदक हवा. २०१५-१६ च्या सुमारास दहा हजारांच्या आतल्या कित्येक फोनांत तो नसे, आणि फोनच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसे. हौसेने खोके मागवावे, फोन घालावा, मान वळवावी आणि दृश्य जागचे हलू नये! दोष खोक्याचा नव्हता आणि फोनचाही नव्हता; फोन विकताना कोणी याचा विचारच केला नव्हता. ज्यांचा फोन चालला, त्यांना दुसरी अडचण आली. फोनच्या पडद्यावरील १९२० बाय १०८० ठिपके दोन डोळ्यांत वाटले गेले की प्रत्येक डोळ्याला निम्मेच मिळतात, आणि भिंगातून ते ठिपके दाराच्या जाळीसारखे दिसू लागतात. फोन तापतो, बॅटरी उतरते आणि मध्येच कोणाचा फोन आला की सगळा भास मोडतो. चार दिवस घरच्यांना, पाहुण्यांना रोलरकोस्टरची चित्रफीत दाखवून झाली, की खोके माळ्यावर.

डेटाचा प्रश्न यापेक्षा मोठा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येण्यापूर्वी एक जीबी डेटासाठी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. जिओनंतर तो दर कोसळला आणि आभासी वास्तवाचा मार्ग मोकळा झाला, असे त्या वेळी अनेकांना वाटले. तरीही हिशेब करून पाहावा. चोहोबाजूंनी दिसणारी, बऱ्यापैकी स्पष्ट चित्रफीत सेकंदाला वीस मेगाबिट घेते असे धरले, तर दहा मिनिटांत दीड जीबी संपतो आणि तासाभरात नऊ जीबी. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर चालणाऱ्या घरात हा खेळ दहा मिनिटांचा. शिवाय नऊ जीबी असणे आणि ते न अडखळता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायंकाळी मोबाइल नेटवर्कवर ताण आला की चित्र धूसर होते, आणि डोळ्यांपासून बोटभर अंतरावरचे धूसर चित्र टीव्हीवरच्या धूसर चित्रापेक्षा फार अधिक त्रास देते.

मुंबईतूनच या बाजाराला नवी फुंकर घालण्याचा एक प्रयत्न झाला. रिलायन्सने २०१९ मध्ये टेसरॅक्ट ही कंपनी ताब्यात घेतली, जुलै २०२० च्या वार्षिक सभेत ‘जिओ ग्लास’ नावाचा ७५ ग्रॅम वजनाचा चष्मा दाखवला आणि २०२३ च्या आयपीएल हंगामात ‘जिओडाइव्ह’ हा हेडसेट १,२९९ रुपयांना विकायला काढला. हा पुन्हा फोन घालायचाच प्रकार होता. ४.७ ते ६.७ इंची, जायरोस्कोप असलेला फोन त्यात बसवून तेव्हाच्या जिओसिनेमावरील सामना प्रशस्त पडद्यावर किंवा चहूकडे फिरणाऱ्या दृश्यातून पाहता येत असे. कल्पना चतुर होती, कारण नऊ वर्षांपूर्वीच्या पुठ्ठ्याकडे नव्हती ती गोष्ट, म्हणजे सगळ्यांना हवा असलेला कार्यक्रम, येथे होती. पण क्रिकेट हा आपल्याकडे चारचौघांत पाहायचा खेळ. सामना घरात, कट्ट्यावर, दुकानाबाहेरच्या टीव्हीसमोर रंगतो. तो साडेतीन तास एकट्याने, डोळ्यांवर खोके बांधून पाहायचा, हे आपल्या प्रेक्षकाच्या स्वभावाला धरून नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून गाजलेला ‘झपाटलेला २’ २०१३ मध्ये लोकांनी चष्मा लावून पाहिला, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाबरोबर हसत.

तोट्यात विकण्याची स्पर्धा

फोनवाचून चालणाऱ्या, स्वतःचाच पडदा आणि संगणक असलेल्या हेडसेटची स्पर्धा निराळी आहे. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट ५९९ डॉलरना आला, एचटीसी व्हाइव्ह ७९९ आणि सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर ३९९ डॉलरना. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने घोषणा केली, की एसर, डेल, एचपी, लेनोवो आदी कंपन्या २९९ डॉलरपासून हेडसेट आणतील. ते २०१७ मध्ये आलेही. मग ऑक्युलस गो १९९ डॉलरना (२०१८), पहिला क्वेस्ट ३९९ ला (२०१९) आणि क्वेस्ट २ अवघ्या २९९ ला (२०२०). क्वेस्ट २ ने खऱ्या अर्थाने बाजार हलवला; नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याची चिप पुरवणाऱ्या क्वालकॉमच्या प्रमुखांनी एक कोटी संच गेल्याचे सांगितले. टिकटॉकची मालक असलेल्या बाइटडान्सने २०२१ मध्ये पिको ही कंपनी घेऊन युरोपात टक्कर दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेटाने क्वेस्ट ३ एस पुन्हा २९९ डॉलरनाच आणला. तेव्हाच्या दराने हे सुमारे २५ हजार रुपये होतात. आयातशुल्क, कर आणि व्यापाऱ्याचा नफा वेगळा. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या व्हिजन प्रोची किंमत ३,४९९ डॉलर होती, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

इतक्या कमी किमतीत अशी वस्तू देणे परवडते कसे? तर, परवडत नाही. फेसबुकचे नवे नाव मेटा. तिच्या याच विभागाचा तोटा २०२२ मध्ये १३.७ अब्ज, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर इतका झाला. (यात भविष्यातील चष्म्यांच्या संशोधनाचा खर्चही धरलेला आहे.) कंपनी आज तोटा सोसते ती उद्याच्या मक्तेदारीसाठी. हेडसेटवर जे खेळ आणि कार्यक्रम विकले जातील, त्यांतला वाटा तिला हवा आहे. व्ह्यू-मास्टरच्या चकत्यांचेच हे नवे रूप. २०२० मध्ये क्वेस्ट २ वापरण्यासाठी फेसबुकचे खाते सक्तीचे केले गेले. त्यावरून जर्मनीतील स्पर्धा नियामकाने चौकशी आरंभली, तिथली विक्री दोन वर्षे बंद राहिली आणि २०२२ मध्ये ती अट शिथिल करून स्वतंत्र मेटा खाते आले. याच २०२२ मध्ये क्वेस्ट २ ची किंमत एकदम शंभर डॉलरनी वाढवली गेली. जुन्या होत चाललेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूची किंमत वाढावी, हे विरळा. स्वस्ताई कोणाच्या मर्जीवर टिकून होती, ते त्यावरून दिसते.

ग्राहकाचा खरा घात मात्र किमतीने केलेला नाही, तो कंपन्यांच्या माघारीने केला. गुगलने कार्डबोर्डच्या पुढची पायरी म्हणून २०१६ मध्ये डेड्रीम आणले आणि २०१९ मध्ये गुंडाळले. सॅमसंगच्या गिअर व्हीआरला २०१९ पासूनच्या नोट १० फोनमध्ये जागाच राहिली नाही. ऑक्युलस गो दोन वर्षांत बंद झाला. शाळांसाठी गुगलने चालवलेला ‘एक्स्पिडिशन्स’ उपक्रम जून २०२१ मध्ये थांबला. त्याच वर्षी गुगलने कार्डबोर्डची विक्रीही बंद केली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये आपली हेडसेट प्रणाली मोडीत काढली आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून ती वगळली. त्या हेडसेटची यंत्रे धडधाकट असूनही ती नव्या आवृत्तीवर निरुपयोगी ठरली. जुना रेडिओ किंवा शिलाई यंत्र गावातला कारागीर वीस वर्षे चालवून देतो. येथे तार तुटत नाही, भिंग फुटत नाही. दूरदेशी कोणीतरी सेवा थांबवते आणि वस्तूचा जीव जातो. असा बिघाड दुरुस्त करणारे दुकान सेलूत नाही, नागपुरात नाही आणि मुंबईतही असू शकत नाही.

एकाचे नव्हे, चाळिसांचे

मग ही वस्तू टाकाऊ म्हणायची का? तसे नाही. घरच्या करमणुकीपेक्षा प्रशिक्षणात तिचा उपयोग अधिक पटण्यासारखा आहे. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला हेडसेट घालून हाताचा कोन, वेग आणि अंतर यांचा सराव करता येतो. रॉड जळत नाही, पत्रा वाया जात नाही, डोळ्यांवर ठिणगी येत नाही. रंगकाम, यंत्रांची जुळणी, आग विझवणे, उंचावरचे काम यांतही हेच. ठाण्याची डायमेन्शन एनएक्सजी ही २०१४ मध्ये स्थापन झालेली, ‘आज्ञालेन्स’ या नावाने ओळखली जाणारी कंपनी मुख्यतः संरक्षण आणि औद्योगिक प्रशिक्षण याच क्षेत्रांकडे वळली. २०२३ मध्ये लेन्सकार्टने तिच्यात गुंतवणूक केली. खेळांच्या बाजारात परदेशी कंपन्यांच्या तोट्याशी स्पर्धा करणे कोणत्याही भारतीय उद्योगाला कठीण आहे, हे पाहता ही वाट शहाणपणाची वाटते.

तालुक्यातील आयटीआय किंवा माध्यमिक शाळेचा हिशेब करून पाहू. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला तीनशे रुपयांची चाळीस खोकी घेतली तर खर्च बारा हजार. पण चाळीस जायरोस्कोपवाले फोन कोठून आणायचे? त्याऐवजी पंचवीस-तीस हजारांचा एकच पूर्ण हेडसेट घेतला आणि प्रत्येकाला दहा मिनिटे दिली, तर एक फेरी पावणेसात तासांत होते, म्हणजे प्रयोगशाळेच्या तासांत एका आठवड्यात. समोरच्या टीव्हीवर तेच दृश्य दाखवण्याची सोय असते, त्यामुळे बाकीच्यांनाही काही पाहता येते. दर विद्यार्थ्यामागे खर्च सहा-सातशे रुपये पडतो. तोच हेडसेट एका घरात एका मुलासाठी घेतला तर पूर्ण भार त्या घरावर, आणि चार महिन्यांनी त्यावर धूळ.

खरेदी करायचीच असेल, तर काही गोष्टी दुकानदाराला विचारल्याच पाहिजेत. त्याला केवळ मान वळणे कळते की चालणे-वाकणेही? भिंगांतील अंतर कमी-जास्त करता येते का? क्वेस्ट ३ एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत. आपल्या डोळ्यांना न जुळणाऱ्या अंतराने डोकेदुखी होते. चष्मा घालून तो बसतो का? वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते, ते मानेला किती वेळ सोसते, हे दुकानातच पाच मिनिटे घालून पाहावे. हमी कोणाची, हा प्रश्न तर सर्वांत आधीचा. मेटाने कित्येक वर्षे क्वेस्ट भारतात अधिकृतपणे विकलाच नाही. व्यापाऱ्यांनी परदेशातून आणलेले संच ऑनलाइन दुकानांत अधिक किमतीला मिळत आणि कंपनीची हमी येथे लागू होत नसे. पावतीवर हमी देणाऱ्याचे नाव आणि भारतातील पत्ता नसेल, तर पंचवीस हजार रुपये गुंतवण्याआधी थांबणे बरे.

लहान मुलांच्या बाबतीत सावध राहावे. मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखालील खात्यांसाठी किमान वय तेरावरून दहा केले. सोनीने आपल्या हेडसेटसाठी बारा वर्षांची मर्यादा सांगितली आहे. मुद्दा केवळ डोळ्यांचा नाही. हा हेडसेट खोलीचा आकार, हातांच्या हालचाली आणि आवाज टिपत असतो. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते. शाळेने हेडसेट घेतला, तर खाते कोणाच्या नावे आणि संमती कोणाची, हे आधीच लेखी ठरवून ठेवावे.

राहिला प्रश्न पाहायचे काय, हा. हेडसेटवर शार्क, अंतराळयान, न्यूयॉर्कचे रस्ते भरपूर आहेत. जुलै २०२२ मध्ये गुगलचे स्ट्रीट व्ह्यू भारतात सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. विदर्भातले एकही शहर नव्हते. आपल्या भागाचे चित्रीकरण आपणच करावे, यासाठी मात्र आता फारसे अडत नाही. चहूकडचे दृश्य एकाच वेळी टिपणारे कॅमेरे ग्राहकांसाठी २०१३ पासून मिळत आहेत आणि चांगला कॅमेरा हेडसेटच्याच किमतीच्या आसपास येतो. केळझरचे सिद्धिविनायकाचे मंदिर, सेवाग्रामची बापूकुटी, पवनारला धाम नदीच्या काठचा विनोबांचा आश्रम ही सगळी ठिकाणे सेलूहून एका दिवसात होण्यासारखी आहेत. तेथील व्यवस्थापनाची परवानगी घ्यावी. २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळालेल्या, देशातील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांत गणल्या जाणाऱ्या बोरमध्ये चित्रीकरणासाठी वनविभागाची परवानगी लागते. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या मराठीत निवेदन केलेली अशी चित्रफीत यूट्यूबवर २०१५ पासून विनामूल्य ठेवता येते, आणि ज्यांच्याकडे हेडसेट नाही, त्यांना ती साध्या फोनवर बोटाने फिरवूनही पाहता येते.